आईचं वजन, ट्रेलरचं वजन आणि फॅन्सी गॅपचा घाट

"आई, तुझं वजन किती गं?" असं मी माझ्या एकाहत्तर वर्षांच्या आईला विचारलं आणि आमच्या सहलीची तयारी सुरू झाली.

"काहून? मले कुरिअरने धाडून राहिले का नागपूरले?" आई म्हणाली.

प्रश्न चुकीचा नव्हता. आत राहता येईल असा छोटा ट्रेलर ओढायला गाडी निवडताना आधी घरातल्या माणसांची वजनं लागतात, हे मलाही आदल्याच दिवशी कळलं होतं. पुढचे दोन महिने मला रोज काहीतरी असंच आदल्या दिवशी कळत गेलं. तेव्हा हा ब्लॉग तज्ज्ञाचा सल्ला म्हणून वाचू नका. एका गोंधळलेल्या बाईने नॉर्थ कॅरोलायनातल्या मॉरिसव्हिलहून व्हर्जिनियाच्या डोंगरापर्यंत एक चाकांवरची खोली कशी ओढत नेली, एवढंच यात आहे.

पण हा खटाटोप कशासाठी, ते आधी सांगते. आई मे महिन्यात नागपूरहून सहा महिन्यांसाठी आली. आल्या आल्या बुद्धजयंतीच्या कार्यक्रमाला आम्ही शार्लटला निघालो. वाटेत पुढे अपघात झालेला, गाड्या जागच्या जागी थांबलेल्या. आईला मधुमेह आहे, तिला लघवीला फार वेळ थांबता येत नाही. तिने मला तीनदा सांगितलं, आणि तिन्ही वेळा मी म्हटलं, "आलंच आई, पुढचं एक्झिट." एक्झिट आलं नाही. जे व्हायचं ते गाडीत झालं. आई तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवलेली बाई, नऊवारीच्या पिढीतल्या बायकांना सायकल शिकवलेली. शार्लटला पोचेपर्यंत ती खिडकीबाहेर बघत बसली आणि पोचल्यावर गाडीतून उतरली नाही. आम्ही तसेच परत आलो. त्यानंतर साडेतीन महिने आई इंडियन ग्रोसरी आणि लायब्ररी यापलीकडे कुठेही गेली नाही. मला स्वतःचा इतका राग कधी आला नव्हता. (हे सगळं मी तिच्या परवानगीने लिहिते आहे. ती कशी मिळाली, ते शेवटी.)

आणि आमच्या घरापासून जेमतेम तीन तासांवर अ‍ॅपलाचियन पर्वत. आईने दरवर्षी सातवीच्या वर्गात फळ्यावर काढलेले. 'जुने वली पर्वत, उदाहरणार्थ अ‍ॅपलाचियन.' नोव्हेंबरच्या सुरुवातीला तिचं परतीचं विमान. ते पर्वत न बघता ती गेली असती, तर त्याला कारण मी असते.

"चल ना आई," म्हटलं की ती म्हणे, "फोटोत पाहिले मी."

ट्रेलरची कल्पना माझ्या नवऱ्याची. निखिल पुण्याचा आहे आणि डेटा सेंटरचं काम करतो, त्यामुळे प्रत्येक संकटावर त्याच्याकडे एक बॅकअप असतो. "आपण बाथरूम बरोबरच नेऊ," तो म्हणाला. "जिथे थांबू तिथे दार उघडायचं."

आमच्या सेडानचं लीज सप्टेंबरात संपत होतं, म्हणजे गाडी तशीही घ्यायचीच होती. ओढू शकेल अशी घ्यायची आणि ट्रेलर भाड्याने आणायचा, असं ठरलं. ऐकायला किती सोपं! गाड्यांच्या माहितीपत्रकात मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं, ओढण्याची क्षमता पाच हजार पाउंड. आम्ही बघून ठेवलेला सोळा फुटी ट्रेलर रिकामा अठ्ठावीसशे पाउंडांचा. मी म्हटलं, झालं की! त्यावर निखिलने मला समोर बसवलं. ते पाच हजार फक्त कारखान्यातून ओढायची सगळी जोडणी होऊन आलेल्या गाडीला लागू, नाहीतर तीच गाडी पंधराशेच ओढते. ट्रेलरचं रिकामं वजन धरायचंच नाही, भरल्यावर जास्तीत जास्त किती होईल ते धरायचं. शिवाय ड्रायव्हरच्या दाराच्या आतल्या बाजूला एक पिवळा-पांढरा स्टिकर असतो, माणसं आणि सामान मिळून गाडीत किती पाउंड चालतील ते सांगणारा. ट्रेलरचा पुढचा दांडा, ज्याला इथे चक्क जीभ म्हणतात, तो गाडीच्या मागच्या लोखंडी गोळ्यावर जेवढा भार टाकतो, तोही त्याच स्टिकरमधून वजा होतो. म्हणून आईचं वजन.

"म्हणजे पाच हजार ओढू शकणारी गाडी आपल्या तिघांना बसवून पाच हजार ओढू शकत नाही?"

"करेक्ट."

"मग ते लिहितात कशाला?"

निखिलने माहितीपत्रकाचं पान उलटलं.

मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विचारलं आणि भीक नको पण कुत्रा आवर अशी गत झाली. एक म्हणे पिकअपच घ्या, दुसरा म्हणे मिनीव्हॅन बेस्ट, तिसरीने हॉटेलची लिंक टाकली. एका काकांनी लिहिलं, "आम्ही स्कूटरवर पुढे सिलिंडर आणि मागे काकू घेऊन फिरलो, कोणी वजन विचारलं नाही." त्याला बेचाळीस लाइक मिळाले.

पिकअप बघायला गेलो. भक्कम होता, पण आईला आत चढायला स्टूल लागलं आणि तिने दोन मिनिटं प्रयत्न करून "राहू द्या" म्हटलं. मिनीव्हॅन आरामशीर होती, पण तिचा आकडा साडेतीन हजारांवर थांबत होता आणि आमचा भरलेला ट्रेलर त्याच्या अगदी काठावर येत होता. तिसऱ्या ठिकाणचा सेल्समन एका सात सीटच्या गाडीवर हात थोपटत म्हणाला, "ही तुमचं घरसुद्धा ओढेल."

"घर नको," मी म्हटलं, "संडासच ओढायचा आहे."

तो हसला नाही. शेवटी तीन वर्षं वापरलेली, ओढायची जोडणी असलेली सात सीटचीच एक गाडी दुसरीकडे मिळाली. स्टिकरवर साडेअकराशे पाउंड. एकदाचं घोडं गंगेत न्हालं असं वाटलं, तोवर निखिलने विचारलं, "प्लग चार पिनांचा आहे की सात?" चार पिनांनी ट्रेलरचे नुसते दिवे लागतात, त्याचे ब्रेक चालायला सात लागतात. शिवाय स्टिअरिंगखाली ब्रेकची एक डबी बसवावी लागते. तिच्यावरची छोटी पट्टी बोटाने सरकवली की फक्त ट्रेलरचे ब्रेक लागतात. जाणार असाल तर एवढं नक्की बघा, आणि विमा कंपनीला आधीच फोन करा, कारण भाड्याच्या ट्रेलरचं कोणाचं काय याबद्दल तीन माणसांनी मला तीन उत्तरं दिली.

ट्रेलर डेलचा. डेल पिट्सबरोला राहतो, आयुष्यभर स्कूलबस चालवून निवृत्त झालेला पंचाहत्तरीचा माणूस. रात्रीचे पंच्याण्णव डॉलर. त्याने तासभर सगळं दाखवलं: जॅक, साखळ्या, गॅस, पाण्याची टाकी, आणि तो पावलाने दाबायचा फ्लश. आईने फ्लश स्वतः दोनदा दाबून बघितला.

"पाणी कुठून येते?" तिने मला विचारलं. मी डेलला विचारलं. त्याने मागच्या बाजूची टाकी दाखवली, तीस गॅलनची, आणि आणखी बरंच काही सांगितलं. माझं लक्ष तेव्हा सात पिनांत होतं.

पुढचा रविवार शाळेच्या रिकाम्या पार्किंगमध्ये रिव्हर्स शिकण्यात गेला. ट्रेलर मागे घेताना स्टिअरिंग उजवीकडे वळवलं की शेपूट डावीकडे जातं. हे वाक्य लिहिणं सोपं आहे. डेलने युक्ती सांगितली होती, हात स्टिअरिंगच्या खालच्या टोकाला धर, हात जिकडे नेशील तिकडे ट्रेलर जाईल. ते जमायला लागलं, तोच निखिल मागून फोनवर "लेफ्ट, लेफ्ट" ओरडायला लागला. कोणाचं लेफ्ट? माझं, त्याचं, की ट्रेलरचं? आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. मी तीन नारिंगी शंकू आडवे केले. आई बाकावर बसून बघत होती. ती म्हणाली, "तू ऐकून कायले राहिली त्याचं? शेपटाकडे पाह्य."

निघायच्या आदल्या दिवशी निखिलने वजनांचा तक्ता पूर्ण केला. कोणती पिशवी कुठे, किती पाउंड. बेरीज मर्यादेत बसली आणि तो समाधानाने झोपायला गेला. त्या तक्त्यातला माझा आकडा सात किलोंनी कमी होता, हे मी त्याला सांगितलं नाही. म्हटलं, सात किलोंनी काय होतंय!

शुक्रवारी सकाळी सातला निघालो. ऑक्टोबरचं ऊन, आय-चाळीस महामार्ग मोकळा. डब्यात तिखटमिठाच्या पुऱ्या, कोरडी चटणी. ट्रेलर ओढत असाल तर ताशी साठ मैलांच्या वर जाऊ नका आणि उजवी लेन सोडू नका, असं सगळीकडे लिहिलेलं आहे. मी साठवरच होते. बर्लिंग्टन मागे पडलं. तिथे रस्ता जरा उताराचा आहे. डावीकडून एक भलामोठा ट्रक पुढे गेला, त्याच्या हवेचा धक्का बसला आणि मागचा ट्रेलर हलायला लागला.

आधी थोडा. मग आमची गाडीच डावी-उजवीकडे ओढली जायला लागली. आरशात ट्रेलर एकदा या बाजूला दिसे, एकदा त्या. स्टिअरिंग माझ्या हातात होतं, पण गाडी मी चालवत नव्हते. पाय ब्रेककडे गेला आणि एवढंच आठवलं की डेलने ब्रेक मारू नको म्हटलं होतं. मी पाय सगळ्यावरून उचलला, स्टिअरिंग सरळ धरलं आणि बोटाने ती पट्टी सरकवली. ट्रेलरने मागून गाडीला ताणून धरल्यासारखं झालं. पन्नास, पंचेचाळीस, चाळीस. शेपूट शांत झालं. निखिलने दारावरची मूठ दोन्ही हातांनी धरून ठेवली होती.

मागच्या सीटवरून आई म्हणाली, "मले घरी सोडा. तुम्ही दोघं जा."

पुढच्या एक्झिटला ट्रकवाल्यांचा मोठा थांबा होता. तिथे गाडी लावली आणि मी उतरून ट्रेलरभोवती दोन फेऱ्या मारल्या. चाकं ठीक, गोळा ठीक, साखळ्या ठीक. काय चुकलं, काही समजेना. तेवढ्यात आमच्या मागोमाग आलेल्या ट्रकमधून एक पगडीवाले गृहस्थ उतरून आले. बलविंदरसिंग, कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नोहून आणलेले बदाम पोचवून परत निघालेले.

"बहनजी, आपकी ट्रॉली नाच रही थी," ते म्हणाले. "मैं पीछे था. मैंने सोचा, गई."

त्यांनी लांब उभं राहून ट्रेलरकडे नुसतं बघितलं. "देखो, नाक ऊपर है, पूंछ नीचे. पीछे क्या भरा है?"

"कुछ नहीं," निखिल म्हणाला आणि फोनवर तक्ता दाखवायला लागला. "पीछे सिर्फ कुर्सियां और बिस्तर. टंकी में चौथाई पानी."

बलविंदरजींनी मागच्या बाजूला टाकीवर हात ठोकला. भरलेल्या टाकीचा आवाज आला. मग त्यांनी ट्रेलरच्या आतल्या मागच्या बाकाचं झाकण उघडायला सांगितलं.

आत दुधाचे कॅन होते. प्लॅस्टिकचे, एक गॅलनचे, आमच्याकडे दर तीन दिवसांनी एक संपतो ते. आई ते कधी फेकू देत नसे. धुऊन, वाळवून गराजमध्ये रांगेने ठेवायची आणि मी चिडायची. ते सगळे पाण्याने काठोकाठ भरलेले, झाकणं घट्ट लावलेले. मी मोजले, चोवीस. भरलेली टाकी आणि हे कॅन मिळून दोनशे किलो पाणी, सगळं चाकांच्या मागे. पुढची जीभ हलकी झाली होती, म्हणून शेपूट गाडीला हलवत होतं.

निखिल त्या कॅनांकडे बघत राहिला. "हे कोणी..."

"मी भरले," गाडीच्या उघड्या काचेतून आई म्हणाली. "सकाळी पाचला उठून. टाकी पण मीच भरली, नळीने."

"काहून आई? सांगायचं तरी!" माझा आवाज चढला. आत्ता लिहिताना त्याची लाज वाटते, पण चढला. "आपण मेलो असतो!"

आई गाडीतून उतरली. ती माझ्याजवळ आली आणि हळू आवाजात, बाकी कोणाला ऐकू जाणार नाही असं बोलली. "त्याने पाव टाकी भरली. पाव टाकी किती पुरते? मी चारदा उठते रात्रीतून. पाणी संपलं मंग? मंग तुम्ही दोघं काय कराल, नि मी तोंड कुठं लपवू?" तिने ट्रेलरकडे हात केला. "बाथरूम आणलं माह्यासाठी, अन् त्यात पाणी नाही, असं व्हायले नको होतं."

इतके महिने मी समजत होते की आईला प्रवासाची भीती बसली आहे. ती घाबरत होती ते आमच्यासमोर पुन्हा तशी वेळ येण्याला. मी गाडी आणली, ट्रेलर आणला, सात पिनांचा प्लग आणला, आणि पाण्याचं तिला एकदाही नीट सांगितलं नाही. मी तिचा हात धरला आणि "माझं चुकलं गं" म्हटलं. शार्लटचंही त्यातच म्हटलं. ते आधी म्हणायला हवं होतं.

बलविंदरजी जरा बाजूला जाऊन उभे होते. थोड्या वेळाने त्यांनी निखिलला विचारलं, "माताजी को पानी चाहिए?"

"हां," निखिल म्हणाला. "पर इतना वजन..."

"अरे, तो पानी रखो ना! फेंकने को कौन बोला? जगह पे रखो. टंकी खाली करो, डब्बे आगे ले आओ. वजन आगे, थोड़ा सा ज़्यादा आगे, बस."

मग आम्ही फ्लशपुरतं पाव पाणी ठेवून टाकी रिकामी केली आणि कॅन एकेक करून पुढच्या पलंगाखाली आणले. आई झाकणं तपासत होती. पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर शिक्षिका दिसली. "दोन-दोनच्या ओळीत लावा," ती निखिलला म्हणाली, आणि निखिलने मुकाट्याने लावले. त्याच थांब्यावर ट्रकांचा वजनकाटा होता. पंधराएक डॉलर देऊन काट्यावर गाडी उभी केली की पुढची चाकं, मागची चाकं आणि ट्रेलर यांची वेगवेगळी वजनं असलेली पावती मिळते. ट्रेलर ओढणाऱ्या प्रत्येकाने ही पावती घ्यावी. सगळं मर्यादेत होतं, पण निखिल कपाळाला आठ्या घालून म्हणाला, "कॅन धरूनही गाडी माझ्या बेरजेपेक्षा पंधरा पाउंड जास्त का भरते?"

"ते पंधरा माझे आहेत," मी म्हटलं.

आई एवढी हसली की तिला लगेच ट्रेलरमध्ये जावं लागलं. फ्लशचा आवाज आला, आणि पाच मिनिटांनी ती बाहेर येऊन गाडीत बसली. घरी सोडा म्हणाली होती, त्याची आठवण मी काढली नाही.

विन्स्टन-सेलमनंतर उत्तरेकडे वळलो. ट्रेलर आता असा चालत होता की तो मागे आहे हे विसरायला होत होतं. (विसरू नका. पेट्रोल पंपात शिरण्याआधी बाहेर कुठून पडणार ते बघा. मी एकदा बघितलं नाही आणि एका पिकअपवाल्याने माझ्यासाठी त्याची गाडी हलवली.) रस्त्याच्या कडेला पायलट माउंटन दिसला. सपाट प्रदेशात एकटाच उभा, वर दगडी डोकं. आई काचेला नाक लावून म्हणाली, "हा झिजून उरलेला डोंगर आहे. बाजूचं सारं वाहून गेलं. थांबव." थांबवलं. तिने बघितला, ट्रेलरमध्ये जाऊन आली, पुन्हा बघितला.

पुढे व्हर्जिनियात फॅन्सी गॅपचा घाट चढताना इंजिन असं ओरडत होतं की मी त्याच्या जागी असते तर राजीनामा दिला असता. एसी बंद केला, उजव्या लेनमध्ये चाळीसने, ट्रकांच्या रांगेत. एका गॅलनमागे पंचवीस मैल जाणारी गाडी अकरावर आली. पण चढली.

कॅम्पग्राउंडवर मी मुद्दाम सरळ आत शिरून सरळ बाहेर पडता येईल अशी जागा बुक केली होती, रिव्हर्स टाळायला. ऑफिसातली बाई गोड हसून म्हणाली, तिथलं झाड पडलंय, तुम्हाला दुसरी देते. दुसरी रिव्हर्सची. शेजारच्या ट्रेलरवाल्यांनी खुर्च्या वळवून घेतल्या, फुकटचा तमाशा कोण सोडतो! निखिल "लेफ्ट" म्हणायला तोंड उघडणार, तोच आई पुढे झाली. माझ्या आरशात नीट दिसेल अशा जागी उभी राहिली आणि नकाशावर नदी दाखवावी तसा हात लांब करून, शेपूट कुठे जायला हवं ती जागा दाखवत राहिली. डावं नाही, उजवं नाही. तिसऱ्या खेपेला ट्रेलर जागेवर बसला. शेजारच्या आजीबाईंनी टाळ्या वाजवल्या. आणि आमच्या जागेवर, दारापासून चार फुटांवर, पाण्याचा नळ होता.

आम्ही तिघं त्या नळाकडे बघत उभे राहिलो. डेलने कदाचित हेच सांगितलं असेल.

"असू दे," आई म्हणाली. "चोवीस आपले आहेतच." संध्याकाळी तिने त्याच पाण्याने खिचडी टाकली.

दुसऱ्या दिवशी डोंगरमाथ्यावरून जाणाऱ्या ब्लू रिज पार्कवे या रस्त्यावर जायचं होतं. मी गाडीला ट्रेलर जोडायला घेतला, तर आई म्हणाली, "राहू दे तो इथंच. पंधरा-वीस मिनिटं तर आहेत. गाडीनेच जाऊ."

मी पुन्हा गोंधळले. दोन महिन्यांची उस्तवार, नवी गाडी, सात पिना, महामार्गावरचा तो नाच, हे सगळं ज्याच्यासाठी, तोच इथे ठेवायचा?

"अगं, पण तुला..."

"परतून यायले जागा आहे ना," आई म्हणाली. "मंग काही वाटत नाही."

पार्कवेवरचा पहिलाच थांबा. खाली सगळं पिवळं-तांबडं जंगल, पलीकडे सपाटी, दूरवर पायलट माउंटनचा ठिपका. आई कठड्याला धरून बराच वेळ बघत राहिली. मला वाटलं, आता डोळे पुसेल. ती वळली आणि म्हणाली, "हेच का?"

"म्हणजे?"

"हे तर रामटेकच्या टेकडीएवढेच दिसून राहिले. फळ्यावर मी केवढे मोठे काढत होते!" मग ती स्वतःच हसायला लागली. "काय काय शिकवलं पोरांना." तिने खांद्यावरची शाल काढून कठड्यावर पसरली, दोन्ही टोकं आत सरकवली आणि मध्ये घड्या उभ्या केल्या. "अशे वर आले होते. हिमालयासारखे. नंतर घासत घासत एवढे राहिले. म्हातारे आहेत बिचारे, पण उभे आहेत." निखिलने शालीचा फोटो काढला, डोंगराचा विसरला. आम्ही तिथे पाऊण तास होतो. परत निघताना आईने कुठलीही घाई केली नाही, आणि वाटेत सफरचंदांच्या एका स्टॉलवर उतरून मालकाशी मराठीत भाव केला.

रविवारी उतरलो. उतारावर खालचा गिअर टाका, ब्रेकवर पाय ठेवून बसू नका. कडेला ब्रेक गेलेल्या ट्रकांसाठी वाळूचे चढ केलेले आहेत, त्यांच्याकडे बघत मी सगळा घाट उतरले. ट्रेलरची मैल्याची टाकी रिकामी करायचं काम निखिलचं. त्याने ते तोंडाला मास्क, हातांत हातमोज्यांच्या दोन जोड्या घालून केलं आणि त्याबद्दल लिहू नकोस असं मला सांगितलं आहे.

ट्रेलर डेलला परत दिला. नोव्हेंबरात आई नागपूरला गेली. मोठी गाडी दारात उभी आहे, ऑफिसला जायला मला ती फार मोठी पडते आणि पार्किंगमध्ये रोज माझं डावं-उजवं चुकतं. योग्य गाडी घेतली का, मला अजून ठरवता येत नाही. निखिलने परवा गराज आवरताना ते रिकामे कॅन बाहेर काढले आणि रिसायकलिंगच्या डब्यापाशी नेऊन ठेवले. संध्याकाळी मी बघितलं तर त्यानेच ते परत आणून रांगेत लावले होते.

हे लिहायच्या आधी मी आईला फोन केला. म्हटलं, शार्लटचं लिहू का? आणि पाण्याचं?

"कोण वाचते ते?"

"आपल्या आई-बाबांना घेऊन फिरायला निघणारे लोक."

पलीकडे आईने टीव्हीचा आवाज कमी केला.

"मंग लिही," आई म्हणाली. "अन् त्याइले सांग, पाणी भरपूर न्या. पण पुढं ठेवा."